निवासी फेलोशिप मिळालीय, सहा आठवडे घर सोडून जावं का?

कागदवेडी
सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

मी जुन्या शब्दकोशांवर एक पुस्तक लिहितेय. म्हणजे शब्द कोणी गोळा केले, कोणाच्या तोंडून गोळा केले, कुठले मुद्दाम गाळले असं सगळं. सात वर्षं झाली आणि साडेतीन प्रकरणं झालीत. नोकरी आहे, आठ वर्षांची मुलगी आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. मागच्या वर्षी एका मैत्रिणीने अगदी मागे लागून एका निवासी फेलोशिपचा अर्ज भरायला लावला. फक्त लेखिका आणि संशोधक बायकांसाठीची आहे, सहा आठवडे तिथे राहायचं, खोली, जेवण, थोडा भत्ता, आणि बदल्यात काही द्यायचं नाही. अर्ज भरला आणि विसरून गेले. परवा निवड झाल्याचं पत्र आलं. पंधरा दिवसांत हो की नाही ते कळवायचंय.

पत्र आल्यापासून आनंद झालाय आणि झोप उडालीय, दोन्ही एकदमच. घरचे सगळे "जा की" म्हणतात पण मुलीच्या शाळेचं वेळापत्रक त्यातल्या कोणालाच पाठ नाही, सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या जेवणाआधी आणि कुठल्या नंतर तेही नाही.

कोणी जाऊन आलंय का? खरंच काम होतं का? आणि सहा आठवड्यांत तिथे असं काय होतं जे घरी पहाटे उठून होत नाही, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

दुपारची_उन्हं
सोमवार, रात्री ११:२२

अभिनंदन!!! जा. बाकीचं सकाळी लिहिते.

शेवटचा_बाक
सोमवार, रात्री ११:५८

अभिनंदन. शब्दकोशांचा विषय भारी आहे, त्यावर वेगळा धागा काढाच. गाळलेल्या शब्दांबद्दल वाचायला आवडेल.

जुनीशाई
मंगळवार, सकाळी ६:३५

कागदवेडी, आधी मनापासून कौतुक. मी जाऊन आलेय, एक महिना, आता अकरा वर्षं झाली त्याला. अनुवादाचं काम होतं. पहाटे उठून काय होत नाही हा जो तुझा शेवटचा प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर मला तिथे चौथ्या दिवशी सकाळी मिळालं, ते सांगते.

घरी मी जेवणाच्या टेबलावर काम करते. रात्री सगळ्यांचं आटपलं की टेबल पुसायचं, मूळ पुस्तक डावीकडे, खर्डा उजवीकडे, समोर तीन कोश, मधे शंकांच्या चिठ्ठ्या. आणि झोपायच्या आधी सगळं उचलायचं कारण सकाळी तिथे माणसं जेवणार. चिठ्ठ्या क्लिपमध्ये, क्लिप फायलीत, फाइल कपाटावर. दुसऱ्या रात्री पुन्हा मांडामांड. मांडायला वीस मिनिटं आणि काल आपण कुठे होतो हे डोक्यात यायला त्याहून जास्त. वर्षानुवर्षं करत आले त्यामुळे मला तो कामाचाच भाग वाटायचा.

तिथे तिसऱ्या रात्री एका वाक्यात अडकले. क्रियापद काही केल्या सापडेना. बारा वाजून गेले तेव्हा तशीच उठले आणि झोपले. सकाळी येऊन बघते तर सगळं जसंच्या तसं. पेनाचं टोपण काढलेलं, चिठ्ठी अर्धी लिहिलेली, कोश त्याच पानावर उघडा. बसले आणि चहा गार व्हायच्या आत क्रियापद मिळालं. मग काम सोडून कितीतरी वेळ मी त्या टेबलाकडेच बघत बसले होते.

वेळ काय, घरीही चोरता येतो ग. पसारा ठेवता येत नाही.

दुपारची_उन्हं
मंगळवार, सकाळी ८:०४

जुनीशाई ताई, हे वाचून अंगावर काटा आला. माझी फाइल पण कपाटावरच असते.

प्रयोगवही
मंगळवार, सकाळी ९:४०

अभिनंदन कागदवेडी. मी जरा वेगळं मत मांडते, राग मानू नका.

निवासी फेलोशिपची ही सगळी कल्पना लिहिणाऱ्या आणि चित्र काढणाऱ्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. मी पेशींवर काम करते. माझं काम इन्क्युबेटरमध्ये असतं, त्यांना दर दोन दिवसांनी खाणं लागतं, मला जंगलातली सुंदर खोली देऊन उपयोग काय? आम्हाला जे लागतं ते जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी ओळखलं. १९९५ चं नोबेल मिळालेल्या बाई, त्यांनी २००४ मध्ये स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान काढलं, आणि ते मुलं असलेल्या तरुण शास्त्रज्ञ बायकांना पैसे देतं ते घरकामाला आणि मुलं सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी. रसायनं घ्यायला नाही, परिषदांना जायला नाही, भांडी घासायचं यंत्र घ्या, संध्याकाळी मूल सांभाळायला कोणी ठेवा आणि तेवढा वेळ प्रयोगशाळेत थांबा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कोणीतरी आपलं आयुष्य आत येऊन बघून गेलंय.

बाईला घरातून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्यापेक्षा घरातला भार उचलणं जास्त बरं, असं माझं मत आहे.

रानवाट
मंगळवार, दुपारी १:१५

प्रयोगवही, तुझ्या मुद्द्याला इतिहासातून मोठा आधार आहे, आणि थोडा विरोधही आहे. माझ्या अभ्यासाचा विषय आहे म्हणून जरा लांब लिहिते.

बायकांच्या फेलोशिपचा विषय निघाला की रॅडक्लिफचं, म्हणजे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाला जोडून असलेल्या बायकांच्या कॉलेजचं नाव येतंच. मेरी इंग्रॅम बंटिंग ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नवरा १९५४ मध्ये गेला, चार मुलं एकटीने वाढवली आणि पुढे रॅडक्लिफ कॉलेजची अध्यक्ष झाली. तिचं निरीक्षण असं की शिकलेल्या बायका मागे पडतात त्या बुद्धी कमी म्हणून नव्हे, त्यांच्याकडून कोणी काही अपेक्षाच करत नाही म्हणून. १९६० च्या शेवटी तिने अशा बायकांसाठी फेलोशिपची योजना जाहीर केली आणि १९६१ मध्ये पहिल्या चोवीस जणी आल्या. वर्षाला ३००० डॉलरपर्यंत भत्ता, एका छोट्या घरात कामाची खोली, हार्वर्डची ग्रंथालयं खुली. अट काय, तर डॉक्टरेट हवी नाहीतर कलेच्या क्षेत्रात त्या तोडीचं काम हवं.

आता मजेचा भाग. ती निवासी नव्हतीच! मुद्दाम तशी ठेवली होती. आसपास राहणाऱ्या, घर-मुलं असलेल्या बायकांनी दिवसाचे काही तास यावं, काम करावं आणि संध्याकाळी घरी जावं, असा हिशेब. भत्त्याचे पैसे मुलं सांभाळणाऱ्या बाईला दिले तरी चालत. म्हणजे प्रयोगवही म्हणतेय तेच, चाळीसेक वर्षं आधी.

पहिल्याच तुकडीत अ‍ॅन सेक्स्टन आणि मॅक्सिन क्युमिन या दोघी कवयित्री मैत्रिणी होत्या. त्या दोघींनी आपापल्या घरी फोनची एक जादा लाइन घेतली होती. सकाळी फोन लावायचा आणि दिवसभर ठेवायचाच नाही. रिसीव्हर बाजूला पडलेला, घरात मुलं, काम, सगळं चालू, आणि एखादी ओळ सुचली की रिसीव्हरमध्ये शिट्टी वाजवायची. दुसरी येऊन ऐकणार. मला वाटतं घरात बसून करता येण्यासारखं यापेक्षा चांगलं काही नसेल.

आता विरोध कुठे, तर टिली ओल्सन. १९१२ चा जन्म, चार मुली, नोकऱ्या, लिखाण बसमध्ये नाहीतर रात्री सगळे झोपल्यावर. तिला रॅडक्लिफची फेलोशिप १९६२ मध्ये, म्हणजे पन्नाशीत मिळाली आणि त्यासाठी ती देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आली. माणसं का लिहायची थांबतात, बायका जास्त का थांबतात, यावर तिने तिथे व्याख्यान दिलं आणि त्याच विचारातून पुढे १९७८ चा तिचा ग्रंथ झाला. तो ग्रंथ तिला घरून जमला नसता असं मी म्हणत नाही, पण पन्नाशीपर्यंत जमला नव्हता हे तर खरं आहे.

शेवटचा_बाक
मंगळवार, दुपारी २:०२

ती शिट्टीची गोष्ट फार आवडली. आज घरी सगळ्यांना सांगणार.

अर्धविराम
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

एक प्रामाणिक प्रश्न आहे, कृपया भांडण म्हणून घेऊ नये. फक्त बायकांसाठी कशाला? लिहिणाऱ्या पुरुषालाही शांतता लागतेच. सगळ्यांसाठी असलेल्या जागा आहेत, तिथे बायकांना प्राधान्य द्यावं म्हणजे झालं.

रानवाट
मंगळवार, रात्री ८:१०

अर्धविराम, प्रश्न रास्त आहे. आणि काळ त्याच दिशेने गेलाय हेही खरं. रॅडक्लिफ कॉलेज १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये विलीन झालं आणि त्यानंतरची संस्था स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे. केंब्रिजमधलं लुसी कॅव्हेंडिश कॉलेज १९६५ मध्ये थोड्या मोठ्या वयाच्या बायकांसाठी सुरू झालं, तेही २०२१ पासून सगळ्यांना खुलं.

पण उलट बाजूही बघा. मॅकडॉवेल ही न्यू हॅम्पशरमधली सगळ्यांसाठी असलेली जागा, १९०७ पासूनची. ती उभी केली मरियन मॅकडॉवेल या पियानोवादक बाईने. संगीतकार नवरा १९०८ मध्ये गेला आणि ही पुढे कित्येक वर्षं गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून त्या जागेसाठी पैसे जमवत राहिली. तिथे दुपारचं जेवण टोपलीत घालून प्रत्येकाच्या स्टुडिओच्या पायरीवर ठेवतात, म्हणजे कामात खंड नको. आता बघा, पायरीवर आयती टोपली हे पुरुष लेखकाच्या घरी बहुतेक वेळा होतच आलंय, ठेवणारी घरातलीच असते एवढंच. बाईला ती टोपली मिळायला घराबाहेर पडावं लागतं. दोघांची सुरुवातच सारखी नाही.

अर्धविराम
मंगळवार, रात्री ८:४४

हे पटलं. खरंच पटलं. थोडं माझं सांगतो, मघाशी मुद्दाम लिहिलं नव्हतं. माझी बायको चित्रकार आहे, तीन वर्षांपूर्वी ती महिनाभर अशाच एका ठिकाणी गेली होती. पहिल्या आठवड्यात मी तिला दिवसातून सहा-सात वेळा फोन करायचो. मुलाचा पांढरा शर्ट कुठे, गॅसवाल्याचा नंबर काय, शाळेच्या वहीत सही कुठे करायची. मला वाटायचं दोन मिनिटांचा तर फोन आहे. नवव्या दिवशी ती फोनवर शांतपणे म्हणाली, तू फोन ठेवलास की मला परत चित्रापर्यंत पोचायला तास लागतो. त्या दिवसापासून रात्री नऊला एकच फोन. शर्ट मी शोधला. कागदवेडी ताई, शाळेचं वेळापत्रक मला त्या महिन्यात पाठ झालं आणि अजून आहे. तुमच्या घरच्यांचंही होईल, पण तुम्ही तिथे नसाल तेव्हाच होईल.

जुनीशाई
मंगळवार, रात्री ९:२०

अर्धविराम, हे तुम्ही इथे लिहिलंत ते बरं केलंत.

उंबरठा
बुधवार, दुपारी १२:०५

सगळं गोडगोड चाललंय म्हणून माझा अनुभव सांगते. कोणाला घाबरवायचं नाहीये पण डोळे उघडे ठेवून जा.

मी एका ठिकाणी तीन आठवडे होते, नाव घेत नाही. जाहिरातीत 'संपूर्ण शांतता' होती. प्रत्यक्षात एका खोलीत दोघी, रोज संध्याकाळी सक्तीचं 'संवाद सत्र', आठवड्यातून दोनदा देणगीदार येणार आणि त्यांच्यासमोर आपलं काम वाचून दाखवायचं, शेवटच्या आठवड्यात जवळच्या मुलांसाठी कार्यशाळा घ्यायची. यातलं काहीही पत्रात नव्हतं. माझं काम कच्चं होतं, कवितांचा पहिला खर्डा, तो अनोळखी लोकांसमोर वाचल्यावर त्यात हातच घालवेना. तीन आठवड्यांत चार कविता, त्यातल्या दोन घरी येऊन फाडल्या. रजा बिनपगारी होती. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं "झालं का पुस्तक?" आणि काय सांगावं कळेना.

म्हणून म्हणते, मोफत असलं तरी विचारायची लाज वाटू देऊ नका. खोली एकटीची आहे का, दाराला आतून कडी आहे का, कार्यक्रम किती आणि त्याला नाही म्हणता येतं का, इंटरनेट कुठे चालतं, आजारी पडलं तर डॉक्टर किती लांब, आणि मधेच घरी जावं लागलं तर काय. आणि हो, काही ठिकाणं फेलोशिप असं नाव लावतात आणि आठवड्याला भाडं घेतात. तीही वाईट असतात असं नाही, पण मग त्याला भाड्याची खोलीच म्हणावं.

दुपारची_उन्हं
बुधवार, दुपारी १२:३१

उंबरठा, वाईट वाटलं वाचून. उरलेल्या दोन कविता कुठे आहेत? वाचायच्या आहेत.

उंबरठा
बुधवार, दुपारी १२:५०

त्या आहेत. नीट झाल्या की टाकेन.

रानवाट
बुधवार, संध्याकाळी ५:१५

उंबरठाच्या यादीला शंभर टक्के अनुमोदन. नियम स्पष्ट असले की ती जागा चांगली चालते. न्यूयॉर्क राज्यात याडो नावाची लेखक-कलावंतांनी राहून काम करायची जागा आहे, तिथे सकाळी नऊ ते दुपारी चार शांततेची वेळ असते, त्या वेळात कोणी कोणाच्या दाराशी जायचं नाही. १९२६ मध्ये पहिले पाहुणे आले तिथे. आणि फक्त बायकांसाठी म्हणाल तर वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर हेजब्रुक आहे, नॅन्सी नॉर्डहॉफ यांनी सुरू केलेलं, १९८८ पासून लेखिका तिथे राहायला येतात. सहा छोटी लाकडी घरं, प्रत्येकीला एक, आत लाकडं जाळायची शेगडी आणि वर माळ्यावर झोपायची जागा. राहणं-जेवण मोफत. दिवसभर एकटं आणि रात्रीचं जेवण सगळ्यांचं एका टेबलावर. प्रत्येक घरात वह्या ठेवलेल्या असतात, आधी राहून गेलेल्या बायकांनी त्यात लिहून ठेवलेलं असतं, नवी येते ती वाचते आणि जाताना स्वतःचं लिहिते.

प्रयोगवही
बुधवार, रात्री १०:००

रानवाट, जुनीशाई, काल माझा सूर जरा चढा लागला असेल. विचार करत होते. निवासी फेलोशिप विज्ञानातल्या बायकांच्या कामाची नाहीच अशा अर्थाचं मी लिहिलं ते पूर्ण खरं नाही. जानकी अम्माळ आठवल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९१७ पासून बार्बर शिष्यवृत्ती होती, खास आशियातल्या बायकांसाठी. त्यावर त्या तिथे गेल्या, बायकांच्या वसतिगृहात राहिल्या, १९३१ मध्ये डीएस्सी, म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन उसाच्या संकरावर काम केलं. आज आपण फेलोशिप म्हणतो त्यापेक्षा ते वेगळं होतं, पण खोली, जेवण, प्रयोगशाळा आणि आसपास अभ्यास करणाऱ्या बायका, एवढं सगळं एका ठिकाणी होतं.

आणि एमी नोएथर. गणितात तिच्या तोडीचे लोक हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते, पण १९३३ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून नोकरीवरून काढलं तेव्हा ती अमेरिकेत ब्रिन मॉर या बायकांच्या कॉलेजात आली. पुढच्या वर्षी तिथेच ओल्गा तौस्की आली. दोन गणिती बायका एका ठिकाणी असणं त्या काळी किती दुर्मिळ असेल. नोएथरला जेमतेम दीड वर्ष मिळालं, १९३५ मध्ये गेली ती. तौस्की तिथून केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात फेलो म्हणून गेली, तेही तेव्हा बायकांचंच.

माझ्या आत्ताच्या लॅबमध्ये माझ्या पातळीवर मी एकटी बाई आहे. दुपारच्या जेवणाला समोर कामाबद्दल बोलायला दुसरी बाई असणं म्हणजे काय, हे मला खरंच माहीत नाही. म्हणून कालच्या माझ्या मताचा अर्धा भाग मागे घेते. घरातला भार उचलायला हवा हा अर्धा ठेवते.

जुनीशाई
बुधवार, रात्री १०:३२

प्रयोगवही, तो अर्धा ठेवच. मलाही तो हवाय.

आणि समोर बसणाऱ्या बाईबद्दल बरोबर बोललीस. आमच्याकडे एक इतिहासाची अभ्यासक होती, कैद्यांच्या नोंदींवर काम करायची. दिवसभर भेट नाही. रात्री जेवताना ती विचारायची, "आज कुठे अडलं?" घरी लोक किती झालं ते विचारतात. कुठे अडलं हे विचारणारी मला आयुष्यात तीच भेटली. अजून महिन्यातून एकदा आमचा फोन असतो आणि पहिलं वाक्य तेच.

निळी_दौत
गुरुवार, सकाळी ७:५०

उशिरा येतेय. दोन वर्षं अशाच एका निवड समितीवर काम केलंय, तर अर्ज करू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. सगळ्यात जास्त अर्ज कशामुळे बाजूला पडतात तर फार मोठ्या संकल्पामुळे. चार आठवड्यांत अख्खी कादंबरी लिहीन असं लिहू नका, तिसऱ्या भागाचं पुनर्लेखन करायचंय आणि ते का अडलंय ते लिहा. नमुना म्हणून जुनं छापून आलेलं सर्वोत्तम पान देण्यापेक्षा ज्या कामासाठी येणार त्यातलं पान द्या, ओबडधोबड असलं तरी चालतं. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने तुमचं काम खरंच वाचलंय त्याच्याकडून घ्या, दोन ओळींत फरक कळतो.

आणि एक. मुलांमुळे, आजारी माणसामुळे वर्षं गेली असतील तर ते स्पष्ट लिहा. आम्ही वाचायचो तेव्हा मधला सात-आठ वर्षांचा खड्डा दिसायचा आणि त्याबद्दल एक शब्द नसायचा. बायका तो लपवतात. लपवू नका, कामाचा हिशेब त्याच्याशिवाय लागत नाही.

शेवटचा_बाक
गुरुवार, सकाळी ९:१५

निवड समितीत घरातली अडचण कधी विचारली जाते का? म्हणजे मूल आणता येईल का वगैरे?

निळी_दौत
गुरुवार, सकाळी ९:४२

आमच्याकडे अर्जात तो रकाना नव्हता. मी सुचवला होता. बहुतेक ठिकाणी मूल आणता येत नाही, कारण दुसरीच्या शांततेचा प्रश्न येतो आणि तोही खोटा नाही. इटलीत कोमो सरोवराकाठी रॉकफेलर फाउंडेशनचं बेलाजिओ हे असंच निवासी केंद्र आहे, तिथे जोडीदाराला बरोबर नेता येतं. मुलांसाठी तेवढी सोय अजून फार थोड्या ठिकाणी आहे. पण मुदत तोडून, म्हणजे सलग न राहता दोन भागांत, मिळते का हे विचारलं तर पुष्कळदा हो म्हणतात. आमच्याकडे दोन वर्षांत फक्त एकीने विचारलं, आणि तिला लगेच मिळालं.

उंबरठा
गुरुवार, सकाळी १०:२०

कागदवेडी, हे वाच!! मुदत तोडून!

दुपारची_उन्हं
गुरुवार, दुपारी ३:००

कागदवेडी गायब आहे. सासूबाईंच्या गोळ्यांचा तक्ता करत असणार.

कागदवेडी
शनिवार, रात्री १०:५५

आहे, आहे. तक्ताच करत होते, खरंच! तुम्हा सगळ्यांचं सगळं वाचलंय, काही उत्तरं दोन-तीनदा वाचली. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं जमणार नाही म्हणून एकत्र लिहितेय.

जुनीशाई ताई, तुमचं टेबल वाचलं त्या रात्री मी माझं घड्याळ लावून बघितलं. मांडायला अठरा मिनिटं, उचलायला अकरा. काम बावन्न मिनिटं. दुसऱ्या दिवशी हे नवऱ्याला दाखवलं, नुसते आकडे, बाकी काही बोलले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, अर्धविराम यांचं उत्तर पण दाखव. दाखवलं. काल त्याने मुलीच्या शाळेचं वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहून काढलं आणि दाराच्या मागे चिकटवलं. एक तास चुकला होता, मुलीने दुरुस्त केला.

सासूबाईंशी बोलायचं मी टाळत होते. शेवटी त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, मला गोळ्या माझ्या मला घेता येतात, तू देतेस म्हणून मी घेत नव्हते. तक्ता तरी केलाय मी, मोठ्या अक्षरात.

निळी_दौत, तुम्ही लिहिल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं की तीन-तीन आठवडे असं दोनदा येता येईल का, मधे महिनाभर घरी. आज उत्तर आलं. हो म्हणाले! उंबरठा, तुमची यादी पण जशीच्या तशी विचारली. खोली एकटीची आहे, आतून कडी आहे, कार्यक्रम फक्त एक आणि तोही ऐच्छिक, डॉक्टर पंधरा मिनिटांवर.

तर मी जातेय. पहिली फेरी अडीच महिन्यांनी. मुलगी अजून थोडी नाराज आहे, तिने विचारलं की तू तिथे शब्द गोळा करणार का, मी हो म्हटलं, मग म्हणाली मला रोज एक पाठव. ते रोज रात्रीच्या फोनवर द्यायचं ठरलंय.

प्रयोगवही
शनिवार, रात्री ११:०८

खूप खूप आनंद झाला. रोजचा शब्द इथेही टाकशील का?

अर्धविराम
शनिवार, रात्री ११:१५

तुमच्या यजमानांना सांगा, गॅसवाल्याचा नंबर पण दाराच्या मागे लिहून ठेवा.

जुनीशाई
रविवार, सकाळी ६:२०

शाब्बास ग पोरी. सगळं विचारलंस, टेबल केवढं आहे ते विचारलंस का?

कागदवेडी
रविवार, सकाळी ९:०५

विचारलं ताई, सगळ्यात आधी तेच विचारलं. पाच फूट लांब, खिडकीला लागून. आणि साफसफाईला येतात ते टेबलाला हात लावत नाहीत.

जुनीशाई
रविवार, सकाळी ९:१२

खिडकीला लागून असेल तर चिठ्ठ्यांवर ठेवायला काहीतरी जड ने. माझ्या दोन उडाल्या होत्या, त्यातली एकच सापडली.